नाफड्यांचं 'रन'

पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतले आमचे शेजारी नाफडे यांनी 'रन' या एका इंग्रजी क्रियापदावर अख्खी नोकरी काढली. साखर संपली की 'रन आउट', जुना ओळखीचा भेटला की 'रन इनटू', थकवा आला की 'रन डाउन'. कारखान्याच्या बसमध्ये मी एकदा मोजलं. गेटपर्यंतच्या बावीस मिनिटांत चौदा वेळा 'रन'. स्वतः मात्र बस सुटत असली तरी कधी पाय उचलून पळाले नाहीत.

"नाफडे, नुसतं चालण्याचं काही नाही का तुमच्याकडे?"

"आहे ना! पण 'वॉक'मध्ये फार दम नाही हो. 'रन'चे माझ्या वहीत दोनशे अकरा अर्थ झालेत."

वहीतच राहिले असते तर माझी तक्रार नव्हती. पण आमच्या ब्लॉकमधल्या बाराही घरांचे अर्ज तेच लिहून देत. इंग्रजी अर्जाला वजन असतं, ही वसाहतीतली श्रद्धा. छत गळायला लागलं तेव्हा मीही हा मूर्खपणा केला. पाणी भिंतीवरून 'रन' होतंय, आमचा धीर 'रन आउट' झालाय आणि 'इन द लाँग रन' भिंत पडेल, असं त्यांनी लिहिलं. वसाहत कार्यालयातला बाबू वाचून म्हणाला, "भाई साहब, आपके ब्लॉक में कोई बैठता भी है, या सब दौड़ते ही रहते हैं?" छत दुरुस्त व्हायला पाच महिने लागले. त्यातले किमान तीन नाफड्यांचे.

मग ते निवृत्त झाले. चार महिन्यांत क्वार्टर सोडायचं होतं. शाहपुऱ्यात त्यांनी फ्लॅट घेतलेलाच होता, लिफ्ट असलेला. आता ब्लॉकचे अर्ज मार्गी लागतील, असं मी बायकोला म्हणालोही.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला घरी बोलावलं. पुढ्यात कोरा कागद.

"कुलकर्णी, क्वार्टरला वर्षभर मुदतवाढ हवीय. तुम्ही लिहा. साध्या भाषेत."

"एवढा नवा फ्लॅट असताना? कारण काय लिहू?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हिला आता काहीच दिसत नाही."

वहिनींना कमी दिसतं, एवढंच मला माहीत होतं. त्या रोज दारात येऊन दूध घेत, तुळशीला पाणी घालत.

"ओट्यापासून इथवर अकरा पावलं, दारापासून तुळशीपर्यंत सात. सगळं पाठ आहे तिला. इथं कुणाला कळू देत नाही. तिकडे नेलं की आंधळी होईल हो ती."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. मी पावलं मोजली. अकरा. कप टेबलावर नेमका टेकला, थेंबही सांडला नाही.

"साखर कमीच घातलीय, भावजी."

"हो," म्हणालो आणि कागदाकडे पाहत राहिलो. त्यांना दिसणार नव्हतं, तरी मान वर करवेना.