खाली बसणाऱ्या काकू

इकडे उत्तरेत, आमच्या रामघाटावरच्या दुर्गाकाकू लहान मुलाशी कधी उभ्यानं बोलत नाहीत. मूल रडो, चावो की तांब्या फेको, काकू आधी म्हणणार, "थांब हं, मला खाली येऊ दे." मग गुडघे धरून, कण्हत कण्हत जमिनीवर बसणार. एकदा बसल्या की त्यांना आपलं आपण उठता येत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे.

एकदा भाजीवाल्यापाशी कुणाचं तरी पोर हट्टाला पेटलं. काकूंनी भर गल्लीत बैठक मारली. मागे स्कूटर, तिच्यामागे सांड. स्कूटरवाला विनवतोय, "माताजी, उठिए." काकू शांतपणे म्हणाल्या, "दो मिनट भैया, बात चल रही है." मी आपली पदरानं तोंड झाकून उभी.

माझी चार वर्षांची इरा बालवाडीत मुलांना चावायची. चावणं थांबेपर्यंत घरीच ठेवा, असं बाईंनी बजावलं. माझी बँकेची नोकरी, नवरा रेल्वेत, सदा बाहेर. मी इराला धपाटा घातला, तर ती मलाच चावली.

"परेशान कशाला होतेस?" काकू म्हणाल्या. "थोडे दिवस माझ्याकडे सोड. हे गेल्यापासून घर खायला उठतं गं."

त्यांच्याकडे शिक्षा नाही. इरा चावायला धावली की काकू खाली बसायच्या. "राग आलाय ना? तोंडानं सांग." इरा तावातावानं सांगायची. मग काकूंना उठवायचं कामही तिचंच. ती ओढायची, काकू कण्हायच्या, दोघी हसत सुटायच्या. मला हे निव्वळ लाड वाटायचे.

एका संध्याकाळी मी तिच्याकडून मोबाइल काढून घेतला आणि आता चावेल म्हणून सवयीनं हात मागे घेतला. इरा लालबुंद झाली. "आई, मला खूप राग आलाय," म्हणाली. चावली मात्र नाही.

बालवाडीनं तिला परत घेतलं, आता दिवसभरासाठी. मी पेढे घेऊन काकूंकडे गेले.

"मी म्हटलं नव्हतं?" काकू खूश झाल्या. पेढा देवापुढे ठेवला. जरा वेळानं, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "रविवारी तर छुट्टी असेल ना तिला?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. एवढा वेळ मी फक्त माझाच आनंद सांगत बसले होते.

"असते की, काकू. सकाळीच पाठवते."

"नाश्ता करवून पाठवू नकोस," त्या म्हणाल्या. "पोहे मी करेन."