पडलेल्या नाहीत

माणूस म्हातारा झाला की त्याचे खासगी आयुष्य संपते आणि सुरक्षित आयुष्य सुरू होते. या नियमाला अपवाद नाही. ज्यांना मुलेच नाहीत ते असुरक्षित राहतात, म्हणजे सुखाने राहतात.

आमच्या समोरच्या काकू एकट्या असतात. मुले तीन, तिघेही परगावी, तिघेही कर्तबगार. त्यांनी एकमताने ठराव करून आईच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या डोक्यावर, एक पांढरी डबी बसवली. काकू पडल्या तर डबीला कळावे आणि डबीकडून सर्वांना. यासाठी काकूंची रीतसर संमती घेण्यात आली (सही थोरल्याने केली, काकूंना चष्मा सापडत नव्हता).

माहितीच्या सुरक्षिततेत कसूर म्हणून नव्हती. पासवर्ड इतका भक्कम, की काकूंना स्वतःचीच माहिती कधी पाहता आली नाही. बाहेरच्यांना काही कळणे अशक्य. कळणार ते फक्त आतल्यांना: तीन मुले, दोन सुना, एक जावई, कंपनी, कंपनीच्या विश्वासातल्या कंपन्या, त्यांच्या विश्वासातल्या कंपन्या आणि मी. मी घरचा नव्हे, पण जादा किल्ली माझ्याकडे असते. (मला दुसऱ्याच्या घरातले ऐकायची मुळीच आवड नाही. जबाबदारी अंगावर पडली, इतकेच.)

डबीचे काम शास्त्रशुद्ध. पडलेला माणूस 'पडलो' किंवा 'पडले' म्हणतो. म्हणून हे क्रियापद कानी येताच, आगेमागे बोललेल्या वाक्यांसकट, लाल सूचना सर्वांच्या मोबाइलवर. कल्पना उत्तम होती. ज्याने काढली त्याला मराठी येत नसावे.

पहिल्याच आठवड्यात काकू त्रेचाळीस वेळा पडल्या. पैकी जमिनीवर शून्य. त्या विचारात पडल्या. त्यांना विसर पडला. भाजीत मीठ कमी पडले. थोरल्या सुनेला चार दिवस राहायला बोलावणे त्यांना फार महागात पडले होते, हे थोरल्या सुनेलाही समजले. बहिणीशी फोनवर बोलताना त्या म्हणाल्या, "जावई काय गं, पदरी पडलं, पवित्र झालं!" जावयाने तत्परतेने फोन करून विचारले, "आई, लागलं नाही ना कुठे?" हे सूचना ऐकण्यापूर्वी. ऐकल्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.

इथवर सगळे मजेत चालले होते. मग एका दुपारी काकू बहिणीला म्हणाल्या, "अगं, मी गाडी शिकतेय! काल चौकातून वळवलीसुद्धा. तुझ्या पाया पडते बाई, मुलांच्या कानावर घालू नकोस."

गुप्ततेची इतकी कळकळीची विनंती इतक्या जणांपर्यंत इतक्या वेगाने आजवर पोहोचली नसेल. संध्याकाळच्या आत थोरल्याने ड्रायव्हिंग स्कूलला फोन करून आईचे नाव काढून टाकले. आईलाही फोन केला. "हे काय वय आहे का, आई? काळजीपोटीच सांगतो." काकू त्या दिवशी खूप रडल्या (रडण्याच्या सूचनेची सोय डबीत नाही, मी दारातून पाहिले). मला फार वाईट वाटले.

त्यांनी माझ्याकडून कंपनीकडे तक्रार करवली. उत्तर आले: 'आपली माहिती कोणत्याही अनोळखी व्यक्तीस दिली जात नाही.'

"अरे, अनोळख्याला कळलं तर माझं काय जातंय?" काकू कडाडल्या. "ओळखीच्यांनाच कळायला नको होतं!"

हे म्हणणे तक्रारीच्या कुठल्याच रकान्यात बसेना.

तरी कंपनी प्रगतिशील. त्रेचाळीस खोट्या पडझडींचा अभ्यास करून तिने डबीला नकार शिकवला. आता 'पडले नाही' असे ऐकले की हिरवी खूण येते: 'सर्व ठीक. पडलेल्या नाहीत.'

त्यानंतरच्या रविवारी काकू बहिणीला म्हणाल्या, "मुलांना माझं काही म्हणजे काही पडलेलं नाही गं."

हिरवी खूण आली. थोरल्याने अंगठा दिला. मधलीने अंगठा दिला. धाकट्याने अंगठा आणि वर एक फूल. सवयीने मीही अंगठा दिला आणि मग ऐकले. हिरवे कुणी ऐकत नाही. मी आपला रिकामटेकडा.

ऐकले आणि लाज वाटली. तसाच उठून समोर गेलो आणि काकूंना हाताला धरून जिन्यात आणले, म्हणजे डबीच्या कानाआड. सगळे सांगितले, अंगठेही दाखवले. मला वाटले, आता पुन्हा रडतात.

"म्हणजे पुढे 'नाही' असलं, की कुणी ऐकतच नाही?"

"नाही."

काकू आत गेल्या आणि त्यांनी कपाटावरून जुना रेडिओ काढला.

हल्ली सकाळी फ्रिजशेजारी रेडिओ चालू असतो. आज कुठेही पाऊस पडलेला नाही: हिरवी खूण. शेअर बाजार पडलेला नाही: हिरवी खूण. आपला संघ पिछाडीवर पडलेला नाही: हिरवी खूण. त्या वेळी काकू दुसऱ्या एका ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत तिसरा गिअर टाकत असतात. पाऊस पडला की त्या दिवशी शिकवणीला सुट्टी. घरी बसून रेडिओ बंद. मुले अगदी निश्चिंत आहेत. परवाच थोरला मला म्हणाला, "आई आता घरात किती छान रमलीय, नाही?" मी हो म्हणालो.

तुम्ही म्हणाल, परक्या म्हातारीचं आम्हाला काय पडलंय? जरा हळू म्हणा, मोबाइल जवळच असेल. आणि त्यावर तुमच्या आईच्या घरून आजची हिरवी खूणही आली असेल. अंगठा दिलात ना?