दहा लाख तीन

गंगाखेडच्या शाळेत रुजू व्हायला गेलो, तेव्हा लिंबाजी मास्तरांनी माझ्या हातातलं मोटारीचं तिकीट घेतलं, त्यावरचा नंबर पाहिला आणि म्हणाले, "पाच हजार सहाशे सतरा. एक्केचाळिसानं तुटतंय. बसा." माझं नाव त्यांनी चार दिवसांनी विचारलं.

मास्तरांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतून. शाळा मराठी झाली तरी भागाकाराला ते तक्सीमच म्हणत. आकडा दिसला की तो कशानं तुटतो, म्हणजे कशानं पूर्ण भाग जातो, ते पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मी हैदराबादेहून गणिताची पदवी घेऊन आलेला. त्यांच्या या नादाला मी मिशीत हसायचो. मिशी नुकतीच फुटलेली होती, तरी हसायचो.

एकदा त्यांनी विचारलं, "दहा लाख तीन कशानं तुटतो, सांगताल?"

"संध्याकाळपर्यंत सांगतो."

तिसऱ्या दिवशी सगळ्या मास्तरांसमोर मी जाहीर केलं, "सतरानं."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "बारा उरायलेत."

ताळा करून पाहिला. बाराच उरत होते. पाण्याचा माठ भरणारा शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसला.

मग मास्तरांनी मला एक जाड वही दाखवली. स्वतः कशानंच न तुटणारे आकडे हजाराच्या आत एकशे अडुसष्ट. त्यांतल्या एकानंही भाग गेला नाही, तर दहा लाख तीन अतूट ठरणार. एकशे सदुसष्ट भागाकार झालेले होते. शेवटची, नऊशे सत्त्याण्णवची जागा तेवढी कोरी.

"हा का राहिला?"

"राहू द्या," ते म्हणाले.

म्हातारा निकालाला घाबरतोय, असं माझ्या पदवीधर डोक्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी मी तो भागाकार फळ्यावर केला. बारा उरले. खाली 'अतूट' लिहून झोकात सही ठोकली. वळून पाहतो तर मास्तर दारात.

फळ्यापाशी येत ते म्हणाले, "ही तक्सीम आमच्या घरच्यांची व्हती. लग्नानंतर आकडे मीच शिकवले तिला. मूलबाळ न्हाई. रोज जेवणं झाली की वही घेऊन बसायचो. एक पाळी माझी, एक तिची. शेवटची तिची आली, आन् ती तापानं गेली."

मी पुसायला धावलो. त्यांनी माझा हात धरला.

"पुसू नका. बरोबर हाय." त्यांनी वही पुढं केली. "इथं लिवा. तिच्या जागेवर."

मी पहिलीतल्या पोरासारखा एकेक आकडा गिरवत लिहिला.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर खडू घेऊन माझ्या वर्गात आले. "दहा लाख सात. पयली पाळी माझी."

दोन त्यांचा, तीन माझा, असं करत दहावी पाळी माझ्यावर आली, एकोणतिसाची. भाग गेला. बाकी शून्य. शाबासकीच्या आशेनं मी त्यांच्याकडे पाहिलं.

मास्तर फळ्याकडे बघत उभे होते. "लय लवकर तुटला की," ते म्हणाले. मग हातावरची भुकटी झटकत त्यांनी विचारलं, "उद्या येताल न्हवं?"