चुलीच्या काठावरची बोटं

कायंदे सर कोणाच्याही घरी गेले की आधी चुलीची उंची मोजतात, मग घरच्यांची खुशाली विचारतात. खिशात टेप, काखेत वही. चूल नसेल तर "जुनी कुठं होती?" म्हणत परसातली राख काडीने उकरत बसतात. मी त्यांची शेजारीण. मला वाटायचं, निवृत्तीनंतर काहींचं डोकं असं फिरत असावं.

सर इथेच, आमच्या बीबी गावच्या शाळेत इतिहास शिकवायचे. तरुणपणी ते एका उत्खननावर हंगामभर राबले होते. तिथे नदीकाठच्या टेकाडात हजारो वर्षांपूर्वीची मातीची चूल निघाली. तिच्या काठावर बोटाने दाबलेले तीन खळगे होते. मोठ्या साहेबांनी 'नक्षी' असं लिहून विषय संपवला. सरांचा काही तो संपला नाही.

"बोटं काऊन दाबली, हे मेलेल्याले इचारता येत नाही, वहिनी. जित्याले इचारा," हे त्यांचं पालुपद. पण घरोघर गॅस आला, चूल घालणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून चालल्या. शेवटची गेली की उत्तरही गेलं, या धास्तीने सर भर उन्हात गावं पालथी घालू लागले.

एका गावात त्यांनी टेप काढला आणि कोणीतरी आवई उठवली की घरकुलाचा सर्वे आला. बायकांनी सिलिंडर पलंगाखाली ढकलले, विटा मांडून धूर केला. सर दिवसभर खुशीत मोजमापं घेत राहिले. निघताना एकीने विचारलं, "साहेब, आमचं नाव यादीत कधी लागन?" सरांनी ती पानं फाडली नाहीत. वर 'या चुली खोट्या' असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पुढचं गाव धरलं.

एवढं हिंडून शेवटी सापडली ती बायजाबाई, आमच्याच गावातली, दोन गल्ल्या सोडून राहणारी. ऐंशी पार केलेली, पण अजून स्वतःची चूल स्वतः घालणारी. सरांच्या अंगणात एक घालून द्यायला ती तयार झाली. माती, शेण आणि भुसा मळायला मी बसले. सरांना तिने टेपसकट लांब बसवलं.

काठ गुळगुळीत झाल्यावर तिने बोट ओलं केलं आणि विचारलं, "जेवणारे किती?"

"काऊन?"

"जितके जेवणारे, तितकी बोटं लावा लागतेत. माह्या सासूनं असंच शिकवलं."

सर ताडकन उठले. "तिघं होते, वहिनी. त्या घरात तिघं जेवत होते." साठी उलटलेला माणूस, अंगणात नाचायचाच काय तो बाकी राहिला. लगेच हेही म्हणाले की एकीच्या सांगण्यावर विसंबून चालणार नाही, उद्यापासून आणखी गावं पाहायची.

"ते होऊ द्या," बायजाबाई म्हणाली. "तुमच्या घरी किती?"

सरांनी हातातला टेप गुंडाळून खिशात घातला. त्यांची पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला, दिवाळीत येतो न येतो.

"एक," ते म्हणाले.

तिने एक बोट दाबलं. एवढ्या रुंद काठावर ती एकटी खूण मला बघवेना. कुठल्या काळच्या घरात किती जण जेवत होते, हे शोधत हा माणूस वणवण फिरत होता. आणि आमची भिंतीला भिंत लागलेली असून तो रोज काय खातो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझीच मला लाज वाटली. हात मातीने भरलेलेच होते. मी त्या खुणेशेजारी बोट दाबलं आणि म्हटलं, "दर रविवारी मी इथंच जेवत जाईन, सर."

सरांनी वही उघडली आणि तशीच मिटली.

"नोंद खराब केली तुमी, वहिनी," ते म्हणाले. पण खूण काही त्यांनी पुसली नाही.

चूल वाळली त्या रविवारी मी गेले. भाकरी करपल्या होत्या. मी तीन खाल्ल्या.