प्रोग्राम मुलीकडे गेलाय

"आजपासून या कामाला माणसाचा हात लागणार नाही!"

सोमवारी सकाळी पुडीवाल्याने अशी घोषणा केली आणि भरात येऊन हात असा काही फिरवला, की चहाचा कप कीबोर्डवर आडवा झाला. बायकोने फडकं आणून दिलं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. घोषणेपाठोपाठ फडकं लागतं, हे तिला पाठ होतं.

पुडीवाला हे नाव त्याच्या मेव्हण्याने ठेवलेलं. त्याचं असं, की जगभरातली हौशी मंडळी मिळून लिनक्सचं एक डिस्ट्रिब्यूशन चालवत होती, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येईल अशी कॉम्प्युटरची अख्खी यंत्रणा. त्यात याचं काम किराणा दुकानदाराचं. इतरांनी लिहिलेले प्रोग्राम आणायचे, तपासायचे, पुडी बांधायची, वर आवृत्तीचा आकडा घालायचा आणि फळीवर ठेवायची. मग ज्याचं त्याचं मशीन रोज सकाळी ती आपणहून उचलून घ्यायचं. अशा एकशे चाळीस पुड्या याच्या गळ्यात होत्या. ऑफिस सांभाळून, जेवता जेवता, अगदी केस कापून घेता घेतासुद्धा तो पुड्या बांधायचा.

म्हणून त्याने एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे आपोआप कामं उरकणारा छोटासा प्रोग्राम. तिला तो लाडाने 'गडी' म्हणे. गड्याने पहाटे उठायचं, प्रत्येक प्रोग्रामच्या वेबपानावर जायचं आणि तिथला सगळ्यात मोठा आकडा शोधायचा. मोठा आकडा म्हणजे नवी आवृत्ती! त्या आकड्याचा माल उचलायचा, तपासायचा, बांधायचा, पाठवून द्यायचा. लोकांच्या तक्रारी आल्या तर त्याही गड्यानेच वाचून उत्तरं द्यायची. याने नुसतं उंटावरून शेळ्या हाकायच्या.

"आणि तपासताना काही चुकीचं निघालं तर?" बायकोने विचारलं.

"तर तो थांबेल आणि मला विचारेल."

गड्याने पहिल्याच दिवशी चव्वेचाळीस वेळा विचारलं. वर्णनाला पूर्णविराम नाही, पुढे जाऊ? चित्र थोडं मोठं आहे, जाऊ? दोन रिकाम्या ओळी जास्त आहेत, जाऊ? भर मीटिंगमध्ये त्याचा फोन असा टुणटुणत राहिला, की साहेबांनी त्याला फोनसकट बाहेर जायला सांगितलं. भीक नको पण कुत्रा आवर! मंगळवारी वैतागून त्याने गड्याला सगळ्या कामांसाठी एकच वाक्य शिकवलं: 'हे किरकोळ आहे, पुढे चल.' आता काय किरकोळ आणि काय गंभीर, हे शिकवायचं तर आठवडा गेला असता. तेव्हा सगळंच किरकोळ! बुधवारी गड्याने चकार शब्द काढला नाही. पुडीवाला खूश!

इकडे बायकोचा गुरुवार जवळ आला होता. ती वाचनालयात ग्रंथपाल. तिथल्या सहा मशीनवर नवऱ्याचंच डिस्ट्रिब्यूशन होतं आणि पुस्तकं देण्या-घेण्याच्या नोंदी एका निवृत्त आजोबांनी घरी बसून लिहिलेल्या प्रोग्रामवर व्हायच्या; त्याचीही पुडी नवराच बांधायचा. वाचनालयाच्या अध्यक्षांना हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. "बाई, सगळं ठीक आहे, पण बिघडलं तर फोन कुणाला करायचा?" हा त्यांचा एकच प्रश्न, आणि त्याला उत्तर नव्हतं. तेव्हा तिने सगळ्या समितीसमोर शब्द दिला होता: "वर्षभर एक दिवस जरी बंद पडलं, तर हे सगळं काढून तुम्ही म्हणाल ते बसवू. मी पुन्हा तोंड उघडणार नाही." नवऱ्याच्या भरवशावर दिलेला शब्द! त्या वर्षाचा शेवटचा दिवस म्हणजे गुरुवार, आणि दहा वाजता समिती बघायला येणार होती.

गुरुवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना पुडीवाल्याचा फोन वाजला. बायको दबक्या आवाजात बोलत होती.

"अरे, तो मुलीकडे गेलाय म्हणे!"

"कोण? अध्यक्ष?"

"अध्यक्ष बाहेर छत्री ठेवतायत. प्रोग्राम गेलाय!"

"प्रोग्रामला मुलगी कुठून आली?"

"तेच मी तुला विचारतेय! नोंदीचं पान उघडलं की लिहून येतंय, 'मी महिनाभर मुलीकडे जात आहे.' सहाही मशीनवर! आणि खाली म्हणे, अगदीच अडलं तर शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंना फोन करावा."

"आपल्या शेजारी कुठे आहेत शिवणकामवाल्या बाई?"

"तू ये!" एवढं बोलून तिने फोन ठेवला.

पुडीवाल्याला काही म्हणजे काही कळेना. त्याने पुडी उघडली. कालपर्यंत आवृत्ती होती तीन पूर्णांक दोन, आज होती आठ आकडी! एका रात्रीत प्रोग्राम एवढा कसा सुधारला? त्याने आजोबांचं वेबपान उघडलं. वर ती सूचना, खाली शिवणकामवाल्या बाईंचा फोन नंबर. आठ आकडी. पुडीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

गड्याला पानावरचा सगळ्यात मोठा आकडा हवा होता. तो त्याला मिळाला. मग त्याने त्या आकड्याचा माल मागितला. आता आजोबांच्या साइटला नाही म्हणायची सवय नव्हती. तिच्याकडे काहीही मागा, ती आपलं पहिलं पान पुढे करायची. गड्याने ते पान घेतलं, तपासलं, आत प्रोग्रामच नाही असं त्याला दिसलं, आणि तो स्वतःशी म्हणाला: हे किरकोळ आहे, पुढे चल!

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आणि जुनी पुडी परत पाठवायचीही सोय नव्हती. मशीनांची एक खोड असते, ती फक्त चढता आकडा ओळखतात. आठ आकडी पुडी पोटात गेल्यावर तीन पूर्णांक दोनकडे कोण बघतो? शेवटी त्याने जुनाच चांगला माल घेतला, वर बाईंच्या नंबरात एक मिळवून आकडा घातला, जगासाठी फळीवर ठेवला, एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि उलटा शर्ट घालून सायकलवर टांग मारली. वाटेत त्याने बायकोला सांगायची सात वाक्यं जुळवली. सातही 'तसं बघितलं तर'ने सुरू होत होती.

वाचनालयात तो पोचला, तेव्हा समिती खुर्च्यांवर बसली होती, बायको कपाटाला टेकून पांढरीफटक उभी होती आणि अध्यक्ष पडद्यावरचा नंबर फिरवून, सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावून बोलत होते.

"हॅलो, प्रोग्रामचं ऑफिस का?"

"इथं पँटची उंची कमी करून मिळते," पलीकडून आवाज आला. मागे शिवणयंत्र खडखडत होतं. "आजोबा हवेत होय? ते मुलीकडे गेलेत. काय झालं?"

"पुस्तकांच्या नोंदी होत नाहीत."

"काल होत होत्या?"

"काल होत होत्या."

"मग कालच्या कुठं जात नाहीत. आजच्या वहीत लिहा. वही आहे ना?"

"वही आहे," अध्यक्ष शाळेतल्या मुलासारखे म्हणाले. "पण मी इथलं एक बटण दाबून बघू का?"

"अजिबात नाही! कळत नसेल तर उसवायला जाऊ नये. नंबर द्या तुमचा, तासाभराने मीच विचारते."

अध्यक्षांनी निमूटपणे नंबर दिला, वही मागवली आणि समितीला चहा सांगितला. तेवढ्यात पुडीवाला मान खाली घालून एकेका मशीनपाशी गेला आणि सहाही मशीनं सरळ केली. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बायकोने फक्त एकदा पाहिलं, आणि त्या बघण्याने तो आणखी दोन इंच वाकला. तिचा वर्षभराचा शब्द आपण एका वाक्यासाठी घालवला, हे त्याला आता लख्ख कळलं आणि मनापासून वाईट वाटलं.

तासाभराने खरोखरच फोन वाजला!

"झालं का सुरू?" बाईंनी विचारलं.

अध्यक्षांनी वळून पडद्याकडे पाहिलं. नोंदीचं पान शहाण्यासारखं उघडलेलं! "झालं की हो!" ते जवळजवळ ओरडलेच. फोन ठेवून ते समितीकडे वळले. "चाळीस वर्षं नोकरी केली मी. बिघडलंय म्हणून फोन केला आणि समोरच्याने आपणहून उलट फोन केला, असं आजवर झालं नाही! ग्रंथपालबाई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"पण ते तर..." पुडीवाल्याने तोंड उघडलं. बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

"आज अर्धा तास बंद होतं खरं," तीच म्हणाली. "मी शब्द दिला होता."

"शब्द राहू द्या! माझा प्रश्न एकच होता, फोन कुणाला करायचा? मिळालं उत्तर! हेच ठेवायचं." समितीने माना डोलावल्या. पुडीवाल्याला आपण वाचलो की बुडालो, हे घरी पोचेपर्यंत कळलं नाही.

शनिवारी सकाळी तो पुन्हा चहा घेऊन बसला. पुड्या बांधताना गड्याने आता जरा तरी संशय आला तर थांबायचं, असं त्याने त्याला बजावलं होतं. बायको समोर बसून फोनकडे बघत होती. चेहरा ठीक नव्हता.

"काय झालं?"

"काल रीतसर तक्रार पाठवली मी तुमच्याकडे. नव्या आवृत्तीत पहिल्या पानावर बाईंचा नंबर दिसत नाही, अध्यक्ष सारखे विचारतात. बाईंना फोन करून परवानगीपण घेतली. वर 'अत्यंत तातडीचे' लिहिलं, खाली माझं नाव लिहिलं."

"अगं, मग तोंडाने सांगायचं ना!"

"तोंडाने सांगितलेलं तू कधी ऐकलंस? म्हटलं, यंत्रामार्फत यावं. उत्तर आलंय. वाच."

पुडीवाल्याने वाचलं. पुड्यांच्या खात्यातून त्याने ते वाक्य खोडलं होतं. तक्रारींच्या खात्यातून खोडायचं राहिलं होतं. पडद्यावर बायकोचं नाव होतं आणि त्याखाली गड्याचं उत्तर: 'हे किरकोळ आहे, पुढे चल.'

त्या दिवशी घरातल्या सगळ्या भांड्यांना माणसाचा हात लागला. दोन्ही हात पुडीवाल्याचे होते.