न मोडलेली संख्या

काचीगुड्यात आमच्या शेजारी राहणारे माणिककाका नंबर मोडल्याशिवाय ऑटोत पाय ठेवत नाहीत. मोडणं म्हणजे दोन संख्यांच्या गुणाकारात फोडणं. सुलतान बाजारला निघालेल्या काकू पिशवी डोक्यावर धरून उन्हात उभ्या असतात आणि काका ऑटोमागे डोळे मिटून पुटपुटत असतात. मग एकदाचं, "एकोणसाठ गुणिले एकसष्ट. बस." नंबर मोडला नाही तर ऑटो परत जातो. स्टेशनबाहेरचे ऑटोवाले आता लांबूनच हाक देतात, "चाचा, आओ, टूटता ये."

"जे मोडत नाही ते नक्को बा," काका म्हणतात. कारण विचारलं की माझ्याकडे ढ मुलीकडे बघावं तसं बघतात.

घरात मात्र एक संख्या त्यांना पुरून उरली होती. दोनशेच्या वर अंकांची. जिन्यात भेटले की लोक नातवाची सांगतात तशी ते तिची खुशाली सांगायचे. "शेवटी सात आहे, म्हंजे दोननं जात नाही, पाचनं जात नाही. अंकांची बेरीज केली, तीननंबी नाही."

"मग मोडतच नसेल," मी एकदा म्हटलं.

काका दुखावले. "मोडते. चाचणी झालीय. मोडते इत्तं चाचणी सांगते, कशानं ते सांगत नाही."

त्यांचा एकुलता एक मुलगा विनय दिलसुखनगरला एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. एका सकाळी निघाला आणि रस्त्यातच कोसळला. हृदय बंद पडलं, एवढंच डॉक्टर सांगू शकले. कशानं, ते नाही.

ती संख्या विनयची. त्या सकाळी निघण्यापूर्वी त्यानंच कॉम्प्युटरला तिचा भाजक शोधायला लावलं होतं. काकांनी तो कॉम्प्युटर बंद केलाच नाही. लाइट गेली की इन्व्हर्टरवर आधी तो, मग माणसं. मे महिन्यात टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून, आणि काका वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेले. खोलीचं दार बंद, आतून कॉम्प्युटरची घरघर. विनय असाच दार लावून काम करायचा. जेवायला हाक मारली की आतूनच म्हणायचा, "तुम्ही जेवून घ्या."

मागच्या महिन्यात भरदुपारी काका आमच्या दारात आले. "भाजक निघाला," म्हणाले.

मी पेढे मागणार होते, पण ते उंबऱ्यावरच खाली बसले.

"आवाज बंद झाला," ते म्हणाले.

माझी मुलगी मुक्ता आयटीत आहे, तेव्हा घरूनच काम करत होती. आम्ही दोघी गेलो. काकू बंद दाराला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. त्यांना उठवून आत जावं लागलं. खोली इतकी शांत होती की मला तिथे थांबवेना.

मुक्तानं संख्येला सापडलेल्या भाजकानं भागलं. उरलेल्या तुकड्याची चाचणी घेतली. काका स्क्रीनकडे बघतच नव्हते.

"काका, हा तुकडाही मोडतो," ती म्हणाली. "कशानं, ते कळत नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

"मग लाव."

घरघर सुरू झाली. काकूंनी डोळे पुसले आणि पानं घ्यायला स्वयंपाकघरात गेल्या. काकांनी दार ओढून घेतलं आणि बंद दाराला म्हणाले, "कर बेटा, कर. आम्ही जेवून घेतो."