गुरुवारी निघालेली बॅग

दिवस मोजण्याच्या कामात माझा हात धरणारा माणूस बंगळूरच्या बसवनगुडीत तरी नव्हता. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावरही रोज संध्याकाळी गल्लीतली आठ-दहा मुलं व्हरांड्यात जमवून तेच करत होतो. सोमवारी कामावर आलेला गवंडी शनिवारचं काम करून गेला, तर त्याने किती दिवस काम केलं? मुलं झटकन 'पाच' म्हणतात. मी रागावत नाही. बोटं मोजायला लावतो. सहावं बोट उघडलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी माणसाने शिक्षक व्हावं.

म्हणून १९९६ च्या मे महिन्यात आमच्या घरात "किती दिवस राहायचं?" हा प्रश्न निघाला, तेव्हा मी म्हणालो, "भांडू नका. हा प्रश्न माझ्याकडे द्या."

खरं तर हा प्रश्न आमच्या घराण्याकडे द्यायलाच नको. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी एका मोहिमेपुरते म्हणून इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. आता आमच्या मराठीत निम्मी कन्नड आहे. माझा मुलगा उपेंद्र मला अण्णा म्हणतो, नातवंडं अज्जा म्हणतात, आणि माझ्या थोरल्या बहिणीला, वसुमतीला, सगळी गल्ली अक्का म्हणते.

झालं होतं असं. म्हैसूरच्या रस्त्यावर 'जलक्रीडा' नावाचं एक मोठं उद्यान नुकतंच उघडलं होतं. उंच घसरगुंड्या, लाटांचा तलाव, फिरते पाळणे आणि राहायला छोटी घरं. इकडे उपेंद्रची त्याच्या कारखान्याने वर्षभरासाठी नाशिकला बदली केली होती. सोमवारी त्याची गाडी होती. त्याआधी शुक्रवारपासून त्याला रजा होती, आणि माझ्या दहा वर्षांच्या नातीला, भूमिकाला, ती सगळी रजा बाबांबरोबर त्या उद्यानात घालवायची होती.

"चार दिवस," ती म्हणाली.

"पाण्यात एक दिवस भिजलं काय नि चार दिवस भिजलं काय, माणूस तेवढाच ओला होतो," सूनबाई म्हणाली. आमची प्रेमा कमी बोलते, म्हणून तिचं कोणी ऐकत नाही.

"सोमवारी बाबांची गाडी आहे. शुक्र, शनि, रवि. चार येणार कुठून?" हा गिरीराज, भूमिकाचा थोरला भाऊ. वय तेरा, त्यामुळे सगळं माहीत.

मी दोघांना कागद-पेन्सिल दिली. उद्यानाच्या जाहिरातपत्रकात खेळ अठरा. प्रत्येकाला रांग अर्धा तास, खेळ चार मिनिटं, कपडे पिळायला दहा मिनिटं. मधे जेवण. मांडा. गिरीराजचं उत्तर आलं दीड दिवस. भूमिकाचं चार दिवस, कारण तिने प्रत्येक खेळाची रांग एक तास धरली होती आणि दोन-दोनदा धरली होती.

"रांग एवढी मोठी कशाला धरलीस?" मी विचारलं.

"असू दे अज्जा. मोठीच बरी."

ही चूक मी लाल शाईने सुधारली, दोन्ही उत्तरांचा मान राखला आणि तीन दिवस ठरवले. शुक्रवार ते रविवार. घरात शांतता झाली. मग अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"शुक्रवारी अमावास्या आहे," ती म्हणाली. "अमावास्येला उंबरा ओलांडायचा नाही. आणि तीन दिवसांचा मुक्काम तर मुळीच नको. तीन तिगाडा."

"अक्का, तीन हा चांगला आकडा आहे," मी म्हणालो.

"तुझ्या शाळेत असेल."

भूमिकाचा चेहरा उतरला. अमावास्या पाळली तर शनिवारी निघायचं, म्हणजे दोनच दिवस. बाबा वर्षभर जाणार, त्याआधीचा एक दिवस चंद्राने खाल्ला. आणि तेव्हा मला परस्थान आठवलं.

जुन्या घरांतून ही रीत अजून आहे. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल, तर आदल्या चांगल्या दिवशी आपलं काही सामान, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचं. ते ठेवलं की प्रवास सुरू झाला. मग तुम्ही उद्या जा नाहीतर परवा. देवाच्या हिशेबी तुम्ही निघालेले असता. गुरुवारी सकाळी परस्थान ठेवायचं, म्हणजे अमावास्येची अडचण गेली. आणि गुरुवारपासून मोजलं तर दिवस चार होतात, म्हणजे तिगाडाही गेला.

अक्काने दिवस बोटांवर मोजून पाहिले. मग म्हणाली, "शिकलास म्हणायचं."

उद्यानाचं शहरातलं कार्यालय जयनगरात होतं. तिथला छापील अर्ज मी घरी आणला आणि सुंदर अक्षरात भरायला बसलो. माणसं सहा. मुक्काम तीन दिवस. 'प्रवास सुरू होण्याची तारीख' या रकान्यात मी शुक्रवार लिहिणार, एवढ्यात अक्का खांद्यावरून वाकली.

"देवाला गुरुवार सांगायचा आणि अर्जात शुक्रवार? मग परस्थान कशाला, नाटक करायला?"

मुलं बघत होती. मुलांसमोर खोटं लिहायचं नाही हा माझा नियम आहे. मी गुरुवार लिहिलं. चार दिवसांनी टपालाने पावती आली. ती हरवू नये म्हणून मी पाकीट न फोडताच बॅगेत ठेवली.

परस्थानाची बॅग रिकामी चालत नाही. अक्काने तीत सगळ्यांचे पोहायचे कपडे, टॉवेल, उपेंद्रचे दोन शर्ट आणि चिवड्याचा डबा भरला. म्हैसूर आमच्या घरापासून नैर्ऋत्येला. त्या दिशेचं पहिलं घर रम्याचं. रम्या आणि तिचा नवरा यशोवर्धन दोन महिन्यांपूर्वीच हुबळीहून आले होते. मुलगी गुणी, कोणाचंही काम अंगावर घेणारी. गुरुवारी सकाळी साडेनऊला मी बॅग घेऊन तिच्या दारात गेलो आणि कन्नडमध्ये समजावलं, "अम्मा, ही बॅग आमच्याआधी निघाली आहे. आम्ही उद्या मागून येतो."

तिने बॅगेवरचं 'जलक्रीडा'चं लेबल वाचलं. "सरी, ठीक आहे अंकल," ती म्हणाली. "काळजी करू नका."

मी काळजी केली नाही. तीच चूक झाली.

शुक्रवारी अक्काने राहुकाळ संपेपर्यंत, म्हणजे बारापर्यंत, कोणाला हलू दिलं नाही. "काल निघालोय ना आपण?" गिरीराजने विचारलं. "निघालोय. पण राहुकाळात निघालेला माणूससुद्धा थांबतो," अक्का म्हणाली. बाराला टॅक्सी दारात उभी करून मी रम्याकडे बॅग आणायला गेलो.

रम्याचा चेहरा फुललेला होता. "पोचली अंकल, कालच पोचली. हे कामासाठी म्हैसूरला जाणारच होते, जाताना गाडीतून तिथल्या काउंटरवर देऊन गेले. तुम्ही मागून येणार हे पण सांगितलं."

एवढ्या आनंदाने केलेल्या कामाला काय म्हणायचं? मी "थँक्स अम्मा" म्हणालो आणि टॅक्सीत येऊन बसलो.

"बॅग?" प्रेमाने विचारलं.

"पुढे गेली."

"म्हणजे कुठे?"

"जिथे आपण चाललोय तिथे."

अक्काने हात जोडले. "परस्थान असावं तर असं," ती म्हणाली.

तीनला पोचलो. काउंटरवरच्या माणसाने वही उघडली, आमच्याकडे बघितलं, पुन्हा वहीत बघितलं. "खंडोजीराव, पार्टी सहा जणांची. तुम्ही कालच आलात ना सार?"

"आम्ही आज आलो. काल बॅग आली."

"तेच. गुरुवारी दुपारपर्यंत कोणी आलं नसतं तर घर रद्द झालं असतं. पण सामान आलं, म्हणून आम्ही उघडून दिलं."

त्याने आम्हाला घर दाखवलं. पलंगाच्या मधोमध आमची बॅग ऐसपैस बसली होती. उशाशी पाण्याचा तांब्या, पायाशी घडी केलेला टॉवेल, त्यावर नवा साबण. दाराबाहेर सकाळच्या चहाचे सहा कप साय धरून बसले होते. पोऱ्याने दोनदा दार वाजवलं म्हणे, मग पार्टी झोपली असेल असं समजून ठेवून गेला.

"आणि सोडायचं कधी?" उपेंद्रने विचारलं.

"उद्या संध्याकाळी सहाला सार. गुरु, शुक्र, शनि. तीन दिवस."

मी बॅगेतून पावती काढली आणि पाकीट फोडलं. त्यावर ते स्वच्छ छापलेलं होतं. प्रश्न दोनदा वाचा, मग उत्तर लिहा, असं मी मुलांना किती वर्षं सांगत आलो, त्याचा आकडा त्या क्षणी मला नको होता. रविवारी जागा आहे का, म्हणून विचारलं. सगळी घरं भरलेली.

"मग रविवार गेला?" भूमिकाने विचारलं. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

"गेला," मी म्हणालो. "माझ्यामुळे गेला."

"बॅगेने एकटीने राहून काय केलं पण?" ती म्हणाली, आणि बाबांचं बोट धरून घसरगुंडीकडे गेली.

त्या दिवशी उद्यान बंद व्हायला तीन तास होते. शनिवारी मी छत्री घेऊन एका बाकावर बसलो आणि माझ्या अठरा खेळांच्या यादीवर खुणा करायची तयारी ठेवली. गिरीराजने दुपारपर्यंत अकरा केले. भूमिकाच्या नावापुढे एकच खूण होती. ती आणि उपेंद्र, दोघांनी एका ट्यूबमध्ये बसायची ती मोठी घसरगुंडी, तिच्याच रांगेत ती दोघं पुन्हा पुन्हा जाऊन उभी राहत होती. उद्यानातली सगळ्यात लांब रांग.

"अगं, तिकडे आठ पाळणे रिकामे फिरताहेत," मी रांगेपाशी जाऊन म्हणालो. "इथे पाऊण तास उभं राहून मिळतात किती? चार मिनिटं."

"अज्जा, रांगेत बाबा कुठे जात नाहीत," ती म्हणाली. "फोन पण येत नाही."

मी परत बाकावर येऊन बसलो. तिचा तो एक तास मी लाल शाईने अर्धा केला होता.

पाठीमागून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. नाशिकला जेवायला काय असतं? पहाटेच्या शिफ्टला उठवणार कोण? हॉस्टेलमध्ये धोबी सगळ्यांचे कपडे एकत्र नेतो, मग आपले कसे ओळखायचे? "नाव घालावं लागेल," उपेंद्र म्हणाला. "कोण घालणार?" "बघू. तिथे जाऊन बघू." 

चार वाजता काउंटरवरचा माणूस मला शोधत आला. एका पार्टीचं रविवारचं रद्द झालं होतं. "घर पाहिजे का सार? पण लगेच सांगा. सही झाली की परत घेता येत नाही."

माझ्या आयुष्यात इतक्या लवकर मी कधी सही केली नसेल. मुलीचा घालवलेला दिवस मी तिला परत आणून देत होतो. कागद खिशात घालून मी जवळजवळ धावत गेलो. ती सगळी तलावाच्या कडेला पाय पाण्यात सोडून शेंगा खात बसली होती. कागद शेवटी काढावा म्हणून मी आधी नुसतं विचारलं, "समजा, रविवारी राहायला मिळालं तर?"

गिरीराज उडालाच. उपेंद्रने भूमिकाकडे बघितलं. "तू सांग."

तिने हातातली शेंग सोलून त्याला दिली. "नको. आजच घरी जाऊ. उद्या बाबांच्या कपड्यांवर नाव घालायचंय. कॉलरच्या आतून. चौदा शर्ट आहेत, मी मोजलेत. मोजे वेगळे. दिवस लागेल."

उपेंद्रला शेंग चावायला फार वेळ लागला. प्रेमाने त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाली, "मार्किंगची शाई वाटेत घेऊ."

आता खिशातल्या कागदाचं काय करायचं? तो बाहेर काढला असता तर भूमिका थांबली असती. मोठ्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून थांबणाऱ्यातलीच ती आहे. मी घसा साफ केला. "तुम्ही चौघं जा," मी म्हणालो. "अक्का आणि मी उद्या राहतो. आम्हाला जरा बघायचंय."

"काय बघायचंय?" अक्काने विचारलं. मी तिच्याकडे असं बघितलं, की चुलत्याच्या खिडकीची काच फोडल्यानंतर साठ वर्षांत तिच्याकडे तसं बघितलं नसेल. ती म्हणाली, "हो. मला तो लाटांचा तलाव बघायचाय."

रविवारी आम्ही दोघं नऊवारी आणि धोतरात त्या उद्यानात हिंडलो. मुलांच्या आगगाडीत आम्ही दोनदा बसलो. एकदा अक्का आणि एकदा मी तिला शोधायला. लाटांच्या तलावात घोट्यापर्यंत उतरून तिने लाटेला "स्वल्प हळू" असं सांगितलं. सगळ्या रांगांमधून आम्ही लहानपणचं बोलत होतो. संध्याकाळच्या बसने घरी आलो, तेव्हा दिवाणखान्यात चौदा शर्ट हारीने वाळत घातलेले, प्रत्येकाच्या कॉलरमध्ये गोल अक्षरात 'उपेंद्र', आणि भूमिका बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. तिची बोटं निळी झाली होती.

उपेंद्र हळूच उठून माझ्यापाशी आला. "अण्णा," तो म्हणाला, "आम्हाला चौघांना हा दिवस मिळावा म्हणूनच तुम्ही मुद्दाम मागे राहिलात ना? माझ्या लक्षात आलं." त्याचे डोळे भरले होते, आणि असं वाकून त्याने मला बऱ्याच वर्षांत नमस्कार केला नव्हता.

अक्काने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

चुकून जास्त पडलेले मार्क पोराने स्वतःहून येऊन परत करावेत, असं मी व्हरांड्यातल्या मुलांना नेहमी सांगतो. उपेंद्र नाशिकहून परत आला, त्यालाही आता दोन वर्षं झाली. माझे मार्क मी अजून परत केलेले नाहीत.